थॉर्नलींचं मूळ गाव

जगात एकूण जेवढी भीती आहे, तिच्यातली निम्मी आमच्या समोरच्या काकूंनी एकटीनं उचललेली आहे, आणि म्हणूनच सिल्व्हर पार्कातले बाकीचे लोक निवांत झोपू शकतात, असं माझं ठाम मत आहे. लिफ्ट मध्येच बंद पडेल म्हणून काकू लिफ्टनं जात नाहीत आणि पाय घसरेल म्हणून जिन्यानं उतरायला घाबरतात. त्यामुळे त्यांचा बराचसा दिवस आमच्या दोन दारांमधल्या जागेत, हातात पिशवी धरून, कुणाची तरी सोबत मिळायची वाट बघण्यात जातो. सोबत मिळून खाली पोचलं की त्यांना गॅस आठवतो. मग मी वर जाते, बंदच असलेला गॅस बघते आणि खाली येऊन बंद आहे म्हणून सांगते. त्यावर त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "हात लावून बघितलंस, की नुसतं बघितलंस?" नुसतंच बघितलेलं असतं. मी परत वर जाते.

वाईट बातमीला त्या एक वेळ तोंड देतील, चांगल्या बातमीनं मात्र त्यांचे हातपाय गळतात. मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हा पेढा हातात घेऊन त्या मटकन खुर्चीत बसल्या. "सगळंच चांगलं चाललंय गं तुझं. मला लक्षण काही ठीक दिसत नाही." मग मीठ-मिरच्या जाळून माझी अशी दृष्ट काढली की अख्खा मजला खोकत बाहेर आला. मी तशी तापट बाई आहे. पोचलीस की फोन कर, असं माझी सख्खी आई म्हणाली तरी मला खपत नाही. पण ऑफिसात पर्स खाली ठेवायच्या आधी मी काकूंना फोन करते, कारण नाही केला तर त्या वॉचमनला स्टेशनकडे पिटाळतात.

काकूंच्या यजमानांना सगळे अंकल म्हणतात. अंकल आणि काकू हे नवरा-बायको आहेत, हे प्रत्येक नव्या भाडेकरूला समजावून सांगावं लागतं. अंकल इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले अँग्लो-इंडियन, काकू गिरगावच्या. दोघं रेल्वेच्या एकाच कचेरीत होते, तिथंच जमलं. त्यांच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण आहे आणि त्याखाली पाटी, 'थॉर्नली'. अंकल रविवारी चर्चला जातात, काकू मंगळवारी देवीला. अंकलना कशाचीच भीती वाटत नाही. घरात येणारी सगळी भीती काकूच वापरून टाकतात, त्यांच्या वाट्याला काही उरत नाही.

मागच्या हिवाळ्यात अंकलना दम लागायला लागला. भाजी आणायला गेले की कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या स्टुलावर बसून राहायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप बदलायला लागेल, आणि उशीर करू नका. मला वाटलं, आता काकू इमारत डोक्यावर घेणार. पण काकू एकदम गप्प झाल्या. त्यांनी लिफ्टचं नाव काढलं नाही, गॅसचं काढलं नाही. इतकी भीती मला त्यांच्या बडबडीनं कधी वाटली नव्हती. आणि एका दुपारी त्यांनी मला घरात बोलावलं, दार आतून लावलं आणि हळूच विचारलं, "थॉर्नलींचं कुलदैवत कुठलं असेल गं?"

त्यांचा हिशेब सरळ होता. अंकलचे पणजोबा रूळ टाकायला म्हणून इंग्लंडातून आले आणि इगतपुरीचेच होऊन राहिले. त्यानंतर थॉर्नलींपैकी एकही माणूस मूळ गावी फिरकलेला नाही. "नारळ नाही, ओटी नाही, साधा नमस्कार नाही. इतक्या पिढ्यांचं राहून गेलंय, आणि आता नेमकं ह्यांच्याच छातीत डॉक्टरांना हात घालायचाय." मी म्हटलं, काकू, इंग्रजांना कुलदैवत नसतं. त्या म्हणाल्या, "आडनाव आहे ना? मग गाव असणार. गाव आहे तर गावाची राखण करणारं कोणीतरी असणारच." मूळ गावी नारळ ठेवल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

मी अंकलना गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना. अंकल शांतपणे चहा पीत होते. "बेटा, वो डर गई है," ते म्हणाले. "तिला असं घाबरलेलं बाहेर बाकावर बसवून मी आत कसा जाऊ?" समोरच्या दारामागून मला त्यांचा खोकला ऐकू यायचा. खोकला थांबला की मी कान देऊन बसायचे. काकूंची भीती दोन दारं ओलांडून माझ्या घरात आली होती आणि मला तिचा संतापही येत होता. शेवटी मी फोन घेतला आणि जगभरातले थॉर्नली शोधायला बसले.

काय सांगू, थॉर्नली जिथे तिथे निघाले. ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळणारे, कॅनडात दात काढणारे, दक्षिण आफ्रिकेत द्राक्षं पिकवणारे. काकू मराठीत सांगायच्या, ऑपरेशनपासून नारळापर्यंत सगळं, आणि मी इंग्रजीत लिहायचे. प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न एकच, "तुमच्या घरात अचानक कुणाला काही झालंय का?" मेंढ्यावाल्यानं मला तिथल्या तिथे ब्लॉक केलं. दातांचा डॉक्टर मात्र भला निघाला. त्यानं कळवलं की थॉर्नली म्हणजे काटेरी झाडं तोडून केलेली मोकळी जागा. अशा जागी गाव वसलं, आणि ते गाव सोडून जो दुसरीकडे गेला त्याला लोक थॉर्नली म्हणू लागले. "म्हणजे आपले बाभुळगावकरच की," काकू म्हणाल्या आणि कित्येक दिवसांनी त्यांना जरा बरं वाटलं. मग डॉक्टरानं पुढचं कळवलं. काटेरी झाडं काय, सगळीकडेच होती. इंग्लंडात थॉर्नली नावाची गावं एकाहून जास्त आहेत. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकीच्या देवीला नारळ गेला तर?"

अशात एका बाईंचं उत्तर आलं. इंग्लंडच्या उत्तरेला राहणाऱ्या, निवृत्त नर्स, मूळच्या जमैकाच्या, आडनाव थॉर्नली. फोनवर त्यांचा सावळा, रुंद, हसरा चेहरा दिसला आणि काकू मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "ह्या कशा थॉर्नली?" मी तो प्रश्न जमेल तेवढा सभ्य करून विचारला. बाई म्हणाल्या, आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलं. ज्याच्या उसाच्या मळ्यात राबले त्याचं आडनाव थॉर्नली होतं, तेच चिकटलं. आधीचं नाव काय, गाव कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. मी हे मराठीत सांगितलं. काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तो चेहरा पुन्हा नीट बघितला. मग म्हणाल्या, "विचार त्यांना, भीती नाही वाटत?"

"वाटते," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या दारात मी आयुष्यभर घाबरलेल्या बायका बघितल्या आहेत. कुठल्या गावात नारळ ठेवायचा ते सांगा. एक गाव माझ्या घरापासून जवळ आहे."

त्यांनी गावातूनच फोन लावला. वारा सुटला होता, मागे छोटं चर्च दिसत होतं आणि रस्त्याकडेला खरोखरच काटेरी झुडपांचं कुंपण होतं. बाईंनी पिशवीतून नारळ काढला आणि काकूंनी तोंडावर हात ठेवला. दुकानातला नारळ तो, घासूनपुसून गुळगुळीत केलेला. "शेंडी नाहीये," काकू पुटपुटल्या. "बोडका नारळ देवाला कसा चालेल?" मी कपाळाला हात लावला आणि शेंडी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग गळ्यातल्या लाल लोकरीच्या मफलरचा धागा ओढून काढला आणि गार बोटांनी नारळाच्या डोक्यावर गाठ मारली. "आता?" त्यांनी विचारलं. काकूंनी फोनलाच हात जोडले. बाकीच्या थॉर्नली गावांनाही बाईंनी तिथूनच नमस्कार केला, काकूंनी तो दोनदा करायला लावला.

ऑपरेशनच्या दिवशी काकू माझा हात धरून बाकावर बसल्या होत्या. दार उघडायचं, कुणीतरी दुसरंच बाहेर यायचं. दर वेळी काकू अर्ध्या उठायच्या आणि त्यांच्याबरोबर मीही. शेवटी डॉक्टर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, सगळं चांगलं झालंय. काकू लगेच घाबरल्या. तेव्हा मला कळलं की आता काळजी नाही.

अंकल हिंडू-फिरू लागले त्या आठवड्यात काकूंनी मला रिक्षात घातलं आणि आमचं सिल्व्हर पार्क ज्या खारी गावात उभं आहे तिथल्या गावदेवीला नेलं. हातात भल्यामोठ्या शेंडीचा नारळ होता. देवळात एक म्हातारी आगरी बाई नारळ घेऊन देवीपुढे गाऱ्हाणं घालत होती. काकूंनी नर्सबाईंचं नाव सांगितलं. म्हातारी थबकली. "थॉर्नली? आन् गाव कंचा यांचा?"

काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खारी," त्या म्हणाल्या.

"खारीची हाय? मना तं म्हाईत न्हाय."

"लांब असतात. पण इथल्याच."

म्हातारीनं मान डोलावली आणि देवीला मोठ्यानं सांगितलं, तुझं लेकरू परमुलखात हाय, संभाळ.

संध्याकाळी काकूंनी फोन लावायला लावला आणि मला म्हणाल्या, सांग त्यांना, तुमचं गाव आता आहे, देवीला कळवलंय. मी सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "स्टेशनवरून कसं यायचं तिथं?" काकूंनी मग सगळं सांगितलं, पूर्वेला उतरा, लोकलच्या दारात उभ्या राहू नका, रिक्षात पर्स मांडीवर ठेवा, कुत्री असतात. मी ते सगळं भाषांतर केलं, एक शब्द गाळला नाही. बाई अजून आलेल्या नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात आणि विमानाचं तिकीट महाग आहे. काकू मात्र रोज सकाळी पिशवी घेऊन दोन दारांमध्ये उभ्या राहतात आणि मला विचारतात, तिकडे आता किती वाजले असतील, नर्सबाई उठल्या असतील ना गं.