आधी उचललेला हत्ती

वीब्रेन हा ऊस्टरवेर गावच्या चीज कारखान्यातून निवृत्त झालेला गडी. बुद्धिबळात त्याला सुरुवात एकच यायची, इटालियन: राजापुढचं प्यादं, घोडा, उंट आणि मग किल्लेकोट. किल्लेकोट म्हणजे एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे सरकवायचा नि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे ठेवायचा. नियमाने हात आधी राजाला लागायला हवा. पण गावच्या कॅफेत नियम बघतो कोण? सगळे बिअरचा घोट घेत आधी हत्तीच उचलायचे.

त्या शनिवारी मात्र लीगचा शेवटचा सामना होता. हरले की संघ खालच्या गटात, आणि मग शेजारच्या शहराचा क्लब यांचा क्लब गिळणार, हे ठरलेलंच.

"काका, तुम्ही फक्त हरू नका," कप्तान सीत्स्के म्हणाली. ही गावची पोस्टवाली.

समोर होता येल्मर, शहरातला तरुण दंतवैद्य. पोरगा घरून अभ्यास करून आलेला, फटाफट खेळत होता. त्याचा किल्लेकोट झाला, वीब्रेनची पाळी आली, आणि सवयीनं हात गेला तो थेट हत्तीवर.

"हत्तीला हात लागला, आजोबा. आता हत्तीच हलवायचा."

"अरे, किल्लेकोट करत होतो मी. तू चुकून भलताच दात धरलास तर तोच उपटतोस का?"

"पेशंट माझ्याशी बुद्धिबळ खेळत नसतो."

पंचांनी येऊन मान डोलावली: हत्तीच. वीब्रेननं तो एक घर सरकवला. राजा राहिला मधोमध, उघड्यावर. सीत्स्केनं लांबूनच कपाळाला हात लावला.

आता हत्ती तिथं आलाच आहे, तर त्याच्यापुढचं प्यादं तरी ढकलू, असं म्हणून वीब्रेननं ते येल्मरच्या राजावर सोडलं. असलं काही येल्मरच्या अभ्यासात नव्हतं. तो विचार करत बसला, त्याचं घड्याळ पळत राहिलं. दोन्ही राजांची अब्रू चव्हाट्यावर आली.

बाकीचे डाव संपले. गट राखायला अर्धा गुण, म्हणजे एक बरोबरी, हवी होती, आणि ती आता फक्त वीब्रेनच्या पटावर मिळू शकत होती. तेवढ्यात येल्मरनं घाम पुसत विचारलं, "बरोबरी?"

वीब्रेननं कप्तानाकडे पाहिलं.

"घ्या हो काका, विचारताय काय!"

वीब्रेननं हात मिळवला आणि खुर्चीतच मागे रेलला. सीत्स्केनं वाटाण्याचं सूप तिथंच आणून दिलं. सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पहिला वाडगा त्यानं संपवला आणि दुसरा मागितला.