भैय्यालाल पेंटरची बरणी

आमच्या यायले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, कोरी जागा पाहवत नाही. करडी गावात भैय्यालाल पेंटरचं घर विचारलं तर लहान पोट्टंही दाखवते, कारण ते दिसल्याशिवाय राहतच नाही. भिंत निळी, दार निळं, नळाची तोटी निळी. एकदा मी दोन दिवस माहेरी गेली, तर मागं पाट्यालेही एक हात मारून ठेवला होता. आता मसाला कशावर वाटू, हे विचारायचं नाही. माणूस कलाकार आहे.

एवढा गुणी माणूस चूक कसा करन? चूक नेहमी दुसऱ्याची. माझ्या आईची लोणच्याची बरणी फुटली, तेव्हाही यायची नव्हती. आई आसगावची. ती गेल्यावर तिच्या घरातून मी तेवढी एक बरणी आणली होती, वर तपकिरी, खाली पांढरी. जयंतीच्या आधी घराले रंग देणं चालू होतं, मी कामावरून आली तर बरणीचे तुकडे. हे म्हणाले, शेजारच्या गिरजाबाईच्या मांजरीनं पाडली. तुकड्यायवर निळी बोटं उमटली होती. मांजर रंगकाम शिकली असन, मले काय ठाऊक.

मी रडली, भांडली, अबोला धरून पाहिला. मले नवी बरणी नको होती. यायनं एकदा आपल्या तोंडानं "माझ्यानं फुटली" म्हणावं, एवढंच पाहिजे होतं. पण यायचा एकच पाढा, मांजर. पुढं ती बिचारी मरून गेली, तरी तिच्यावरचा आळ काही उतरला नाही.

या उन्हाळ्यात आमच्या पोरीनं, तृप्तीनं, भंडाऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये नाव टाकलं. मातीच्या भांड्यायले काचेसारखी चकाकी कशी द्यायची, ते म्हणे हातानं करून शिकवतात. तृप्ती नर्स आहे, नेमकी त्याच दिवशी तिची ड्युटी लागली, म्हणून तिच्या जागी हे गेले. जाताना म्हणाले, शिकायचं काही नाही, ती बाई कुठं चुकते ते पाहून येतो.

ती बाई म्हणजे नागपूरची खुशबू, आमच्या तृप्तीच्याच वयाची. तिनं एकदा भाजलेली कोरी भांडी मांडून ठेवली होती, ज्याले जे आवडन ते घ्या. बाकीच्यायनं कप घेतले, दिवे घेतले. यायनं झाकणाची बरणी उचलली. संध्याकाळी घरी आल्यावर सांगत होते, वर तपकिरी लेप दिला, खाली पांढरा. सांगताना माझ्याकडं नाही, भिंतीकडं पाहून राहिले होते.

खुशबूनं सगळ्यायले बजावलं होतं म्हणे, की बूड अन् जिथं झाकण टेकते तो काठ ओल्या फडक्यानं पुसून कोरा ठेवा, भट्टीत हा लेप वितळते अन् ज्याले लागन त्याले चिकटून बसते. सगळ्यायनं पुसलं. यायनंही पुसलं. मंग तिची पाठ फिरल्याबरोबर बारीक ब्रश घेऊन तो काठ गुपचूप भरून काढला अन् वर झाकण ठेवून दिलं. पोरगी नवीन आहे, म्हणाले, फिनिशिंग समजत नाही तिले. भांडी जमा करताना तिनं सगळ्यायची बुडं तपासली. झाकण उचलून पाहायचं तिच्या ध्यानात आलं नसन. समोर कोण बसलं होतं, तिले काय माहीत.

काही दिवसांनी भाजलेली बरणी घेऊन तृप्ती घरी आली. खोटं कायले बोलू, बरणी सुंदर झाली होती. आईचीच वाटली. हात लावला अन् माझे डोळे भरून आले. कैऱ्या चिरून, मीठ लावून तयार होत्या. मी झाकण उचलायले गेली, तर झाकणासोबत अख्खी बरणी वर आली.

यायनं ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. गरम पाणी झालं, तेल झालं, चाकू झाला. तृप्तीनं खुशबूले फोन लावला. ती म्हणाली, काकांना सांगा, ते आता एकच भांडं झालं. काकायले पटन तर ना. हातोडी आणून काठावर टकटक सुरू केली.

"ठेवा ते," मी म्हटलं. "फुटन."

"अशी नाही फुटत," हे म्हणाले. "ती तर शिडी सरकली म्हणून माझ्यानं फुटली."

हातोडी तिथंच थांबली. तृप्ती माझ्या तोंडाकडं पाहून राहिली. इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट पाहिली होती. ते ऐकल्यावर काय काय सुनवायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही, तोंडातून भलतंच निघालं.

"शिडी सरकली तेव्हा तुम्ही कुठं पडले?"

"खालीच. घोट्यावर." बरणीवरची नजर यायनं उचलली नाही. "तू आईसाठी रडून राहिली होती. मी माझा पाय कोणाले दाखवू?"