माईकवरच्या पोरीला मी चुकीचं नाव सांगितलं

ग्रुपवरच्या बायांनो, आज मी लय जळले.

सातपूरला कंपन्यांच्या फुटबॉल मॅचेस चालू आहेत. आमच्या टीमचे टीशर्ट मीच धुते, त्यामुळं कुठला नंबर कुणाचा ते मला पाठ. पंधरा वर्षं कडेला उभी राहून ओरडते. मला कुणी कॉमेंट्रीचा माईक दिला नाही. आज तो एका कालच्या पोरीला दिला.

तिनं विचारलं, "मावशी, सात नंबर कोण?" मी मुद्दाम दुसऱ्याच पोराचं नाव सांगितलं.

सात नंबरनंच गोल मारला. तिनं मी सांगितलेलं नाव घेतलं. माणसं खिदळली, "बाईला काय कळतंय फुटबॉलमधलं, पाठवा पोळ्या लाटायला."

एकानं मलाच विचारलं, "काय मावशी, खरं ना?"

मी होकाराची मान हलवली.

उद्या फायनलला माईक तिच्याच हातात आहे. जळते मी अजून. पण तिला खरं सांगू कुठल्या तोंडानं?