अक्काचा हिस्सा

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी सांगते, रक्कम वाटायची असेल तर आधी गुणोत्तरातल्या पदांची बेरीज करा. रकमेचे तेवढेच भाग पडतात. पोरं बेरीज विसरतात. माझे भाऊ विसरले नव्हते. त्यांनी पदंच दोन धरली होती.

वाळवा तालुक्यातली आमची उसाची पट्टी रस्तारुंदीत गेली आणि मोबदला मंजूर झाला. आईवडील हयात नव्हते. आम्ही दोघी बहिणी, दोघे भाऊ. थोरल्या दादाने मला साताऱ्याहून बोलावून घेतलं. "तू गणिताची बाई, तूच मांड," म्हणाला. मला मान दिल्यासारखं वाटलं, इतकी मी भोळी. मी चौघांना सारखे चार भाग मांडले.

"चार कुठनं आलं?" दादा म्हणाला. "शेती मी बघितली, माझं तीन. धाकट्याचं दोन. पाच भाग कर. तुमी दोघी हक्कसोडीवर सह्या करा."

आमच्याकडे हीच रीत. कायदा कधीच बदलला, पण बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटलं.

मी सही केली नाही. खरं तर मला पगार होता, निकड नव्हती. निकड होती अक्काला, आमच्या थोरल्या बहिणीला. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि तो खर्च तिच्या घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. चौथ्या हिश्शात भागलं असतं. हे दोघा भावांना ठाऊक होतं, तरी त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. अक्काने मुकाट्याने सही केली. मी तिच्यावर ओरडले.

"आगं, पैसं काय, सरत्याल," ती म्हणाली. "मग सणाला कुणाच्या दारात जाऊ मी?"

मी अर्ज केले, खेटे घातले, माझा चौथा हिस्सा मिळवला आणि तो अक्काला द्यायला म्हसवडला गेले. तिने चहा केला, जेवायला वाढलं, पण पैसे घेतले नाहीत. "भांडून आणलेलं हाय ते. त्यास्नी कळलं तर मलाबी तोडत्याल." तिच्या नवऱ्याने समजावलं, मी रडले, तिला मूर्ख म्हणाले. ती हलली नाही. मला तिचा राग आला आणि अजून येतो. भावांचा येतो त्याहून जास्त.

पुढच्याच उन्हाळ्यात अक्का गेली.

बाईला शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं, म्हणून सगळे भावांसाठी खोळंबले होते. दोघे आले. हिरवी, जरीकाठाची साडी आणली होती, चांगली भारीतली. तिची घडी मोडायला मी हात पुढे केला.

"तू बाजूला सर," धाकटा म्हणाला. "ही माहेरची हाय."

इतकी माणसं उभी होती. मी बाजूला झाले.