सारिमुनचे निळे दिवे

केदिरीकडच्या खेड्यांत लग्नातल्या गाण्यापेक्षा दुपारच्या ‘चेक साउंड’लाच, म्हणजे स्पीकर वाजवून बघायच्या वेळीच, गर्दी जास्त. तळलेलं टेम्पे, सोयाबीनच्या वड्या, हातात घेऊन गावच्या गाव स्पीकरच्या भिंतीपुढे येऊन बसतं. कानांचं वाटोळं झालं तरी हौस फिटत नाही मेल्यांची!

सारिमुनच्या कानांचं तर झालंच होतं. डांगडूट या नाचगाण्याच्या ताफ्यात दिव्यांचं काम त्याच्याकडे. ढोल वाजला की लाल दिवे पेटायचे, गाणारीण गायली की निळे. माइकमधला आवाज दिव्यांच्या पेटीत किती घ्यायचा, ते एका बटणावर ठरायचं. जास्त घेतला तर लोकांच्या खोकल्यानेही निळे पेटतात. कमी घेतला तर गाणारीण बोंबलली तरी काळोख. सारिमुनचा हात त्यात मुरलेला. पण कान पार गेलेत, हे फक्त लेकीला, वेनिंगला ठाऊक. ती गायची आणि तो तिचे ओठ बघायचा. ओठ उघडले की बटण वर आणि निळे, मिटले की बटण खाली आणि काळोख. हे मालकाला कळलं की काम सुटणार, हेही दोघांना ठाऊक होतं.

मालक गुनादीला संशय आलाच. सरळ विचारावं ना माणसाने! पण त्याला तमाशा हवा होता.

‘‘आज नुसते ओठ हलव,’’ तो वेनिंगला म्हणाला. ‘‘म्हातारा बटण कसं पिळतो, ते बघू दे गावाला.’’

‘‘नका ना मालक. वडील आहेत माझे.’’

‘‘म्हणून तर तुला सांगतोय. नाही जमत? मग दोघंही चालू पडा. गाणाऱ्या पैशाला पासरी मिळतात.’’

दुपारी ताडपत्रीच्या काळोख्या मांडवात चेक साउंडचा ढोल सुरू झाला. वेनिंगने ओठ उघडले. लाल दिवे पेटले, निळे ढिम्म. सारिमुनने बटण चढवलं. अजून चढवलं. त्याच्या पाठीमागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं गाव खदखदलं. ते हसू माइकने ओढून घेतलं आणि निळे दिवे भगभगले.

सारिमुनचा चेहरा फुलला. ‘‘वा पोरी!’’ तो ओरडला. ‘‘आज काय मोकळा आवाज लागलाय!’’

लोक पोट धरधरून हसले. वेनिंगचे ओठ थांबले, तरी दिवे पेटलेलेच. सारिमुनने तिच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं आणि सवयीने बटण खाली आणलं. काळोख झाला. मग तो मागे वळला. सगळ्यांचे दात दिसले त्याला.

‘‘पाक सारिमुन, उद्यापासून घरीच बसा,’’ गुनादी खोट्या आदराने म्हणाला.

सारिमुन पुन्हा वळून लेकीच्या तोंडाकडेच बघत राहिला, नेहमीसारखा, हात बटणावर. गुनादी हसला. ‘‘तूच सांग गं त्याला. तुझे ओठ कळतात ना?’’

वेनिंगने माइक तोंडाशी धरला.

‘‘बाबा, उद्यापासून येऊ नका.’’

निळे दिवे शब्दाशब्दाला अगदी बरोबर पेटले.