आम्ही म्हणजे कोण कोण

आमच्या वाडीच्या शाळेत संस्कार आले ते टेम्पोतून. काचेचा मोठा फलक, आत रंगवलेलं झाड आणि बुंध्यावर लिहिलेलं ‘मूल्यवृक्ष’. कारेगावच्या बाजूला ज्या कंपन्या आहेत, त्यातल्या एकीनं तो दिला होता. दर महिन्याला एक गुण ठरवायचा आणि जे पोर तो दाखवील त्याच्या नावाचं हिरवं पान झाडावर लावायचं. पहिला महिना प्रामाणिकपणाचा. मी शाळेच्या समितीवर आहे. म्हणजे समितीत बाया लागतात म्हणून घेतलंय, चहा झाला की माझी सही घेतात. त्या दिवशीही घेतली. मला तेव्हाच राग आला होता, कारण पोरींच्या संडासाला धड दार नव्हतं आणि झाडाला मात्र काच होती.

आमच्या रानाच्या कडेला आम्ही खोल्या बांधल्यात, कंपनीतली माणसं भाड्यानं राहतात. मधल्या खोलीत बिहारकडचं कुटुंब आहे. नवरा, बायको आणि एक पोरगी, माझ्या पोरीच्याच वर्गात, चौथीत. ते नवीन राहायला आले तेव्हा ती बाई दारातून म्हणाली, “भाभी, शाम को हम आएँगे.” मला वाटलं सगळी येणार, म्हणून मी कढईभर पोहे केले. आली एकटीच. म्हटलं, बाकीचे कुठायत? तर म्हणाली, “हम ही तो आए हैं.” माझा नवरा रात्रीपण पोहेच जेवला आणि आठवडाभर मला हसत होता. तेव्हा कळलं, यांच्यात ‘मी’ला ‘हम’ म्हणतात. माणूस एकटं असलं तरी हम. पोरगी इथं आल्यावर मराठी शिकली तीही तशीच. “काकू, आम्हाला भूक लागली,” असं म्हणत एकटीच दारात उभी राहायची. मला ते ऐकायला गोड वाटायचं.

कंपनीवाले उद्घाटनाला यायच्या आधीच फलकाची काच फुटली. पुढचं सगळं मला माझ्या पोरीनं घरी येऊन सांगितलं. आमचे मोठे सर, दौंड तालुक्यातून बदलून आलेले, परिपाठाला सगळ्यांना ओळीत बसवून म्हणाले, “ज्यानं फोडली त्यानं उभं राहून खरं सांगावं. शिक्षा होणार नाही. हा प्रामाणिकपणाचा महिना आहे.” सगळी पोरं जमिनीकडं बघत बसली. मग मधल्या खोलीतली पोरगी उभी राहिली.

“सर, आम्ही फोडली. चिंच पाडत होतो, दगड लागला.”

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

“आम्ही.”

“हो, पण अजून कोण होतं?”

“कुणी न्हाई. आम्हीच होतो.”

पोरं फिदीफिदी हसली. सरांना वाटलं, ही आपली चेष्टा करतेय. बाकीच्यांची नावं सांग म्हणून ते मागं लागले. ती बिचारी नावं आणणार कुठून? रडायला लागली, तर म्हणे नाटकं करते. तिला सुट्टी होईपर्यंत ऑफिसच्या दारात उभं केलं, आत बसलेल्यांना दिसेल असं. माझी पोरगी हे सांगताना हुबेहूब नक्कल करून हसत होती. मी तिला एक धपाटा घातला. ती म्हणाली, “मला कशाला मारती, सगळीच हसत व्हती.” तेही खरंच होतं, आणि त्यानं मला जास्तच तिडीक आली.

संध्याकाळी पोरीची आई माझ्याकडं आली. पदर तोंडाला लावूनच बसली. सरांनी बापाला बोलावून सांगितलं होतं की उद्या समितीची बैठक आहे, पोरीचा दाखला न्यायची तयारी ठेवा. बाप फर्स्ट शिफ्टवरून दमून आलेला, त्यानं डोक्यात राखच घालून घेतली. दाखला हातात पडला तर पोरगी सरळ गावी, आजीकडं, चुलत्याची पोरं सांभाळायला. शाळा तिथं संपली. ती बाई पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, “भाभी, वो झूठ नहीं बोली.” पोरगी उंबऱ्यावर बसून पायाच्या बोटानं माती उकरत होती. मी तिला चहात बुडवायला खारी दिली, ती तिनं हातात धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बैठकीला मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. समितीचे अध्यक्ष आमच्याच भावकीतले, नात्यानं माझे भावजी लागतात. कडक इस्त्रीचा शर्ट, बोटात अंगठ्या, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातला पाढा बंद पडावा. ते सुरुवातीलाच म्हणाले, “ह्या खोल्यांवरच्या पोरांनी शाळा नासवली. चार-पाच जणं असतील, आन् ही एकटीच सगळ्यांना झाकती. द्या दाखला, बाकीची आपोआप सरळ व्हत्याल.” सर म्हणाले, “प्रामाणिकपणाच्या महिन्यात मुलगी धडधडीत खोटं बोलते, याचं मला जास्त वाईट वाटतं.” वाईट वाटत असताना ते बिस्किट खात होते.

मी म्हटलं, “सर, ती खोटं न्हाई बोलली. त्यांच्यात मीला हम म्हणत्यात. तिनं त्याचं आम्ही केलं. ती एकटीच व्हती.”

सर हसले. “ताई, भाषेचं आम्ही बघू.”

“बघा की. तुम्ही आत्ता आम्ही म्हणालात. तुमच्याबरोबर अजून कोण बघणार हाय?”

सरांचं बिस्किट हातातच राहिलं. भावजी मधे पडले, “वहिनी, इषय कुठला आन् तुम्ही चालला कुठं?”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आता मागं कोण सरतंय. मी म्हटलं, “भावजी, गेल्या झेंडावंदनाला तुम्ही माईकवर म्हणालात, शाळेचं फाटक आम्ही दिलं. आम्ही बोर मारली. आम्ही रस्ता आणला. मी तवा विचारलं का, आम्ही म्हंजी कोण कोण? तुम्ही एकटे आम्ही म्हणालात की टाळ्या, आन् त्या लेकरानं म्हटलं की दाखला व्हय?”

कोपऱ्यातल्या एकाला खोकल्याची उबळ आली, ती खोकल्याची नव्हती. भावजींनी मोबाईल कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलत बाहेर गेले. मोबाईल वाजलाच नव्हता. सरांनी कागद सारखे केले आणि म्हणाले, ठीक आहे, ताकीद देऊन सोडू.

जिंकले, असं मला वाटलं. घरी येऊन मी गोडाचा शिरा केला आणि मधल्या खोलीत वाटीभर पाठवला.

ताकीद कशी दिली ते मला नंतर कळलं. परिपाठाला तिला पुढं उभं केलं आणि सर म्हणाले, आता शुद्ध मराठीत सांग. ‘मी काच फोडली. मी चुकले.’ तिच्या तोंडून आम्हीच यायचं. पोरं हसायची, सर म्हणायचे, पुन्हा. ‘मी’ नीट येईपर्यंत तिला म्हणायला लावलं. म्हणजे ‘मी’ हा शब्द तिला शिकवला तो असा. आणि महिन्याचं हिरवं पान मिळालं भावजींच्या नातवाला, सापडलेलं पेन परत दिल्याबद्दल. पेन माझ्या पोरीचं होतं आणि सापडलं होतं त्याच्याच दप्तरात. कंपनीवाल्यांनी त्याच्यासोबत फोटो काढला. नवी काचही त्यांनीच बसवून दिली. मी त्या कार्यक्रमाला गेले नाही, तरी सहीसाठी माणूस घरी आला. त्याला मी दारातूनच पिटाळलं.

पोरगी शाळेत जात राहिली. पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत नाव घातलं, माझ्या पोरीबरोबरच. मराठी आता फर्डी बोलते, बाजारात तिच्या आईसाठी घासाघीस तीच करते. तिच्या ‘आम्ही’वर आता कुणी हसत नाही, कारण ते तिच्या तोंडात राहिलंच नाही.

मागच्या रविवारी मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. खिडकीतून अंगण दिसतं. मोरीच्या भिंतीवर नवऱ्याचा दाढीचा आरसा टांगलेला असतो. पोरी चेंडू खेळत होत्या, माझी पोरगी पाणी प्यायला घरात आली होती, आणि मधल्या खोलीतल्या पोरीनं एकटीनंच चेंडू भिंतीवर मारला. आरसा खाली पडून फुटला. मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला जरासुद्धा राग आला नव्हता, जुनाट आरसा, कडेनं पारा उडालेला. पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले आणि सहज विचारलं, “कुणी फोडला गं?”

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्याला डोळा देऊन, न चाचरता, स्वच्छ मराठीत म्हणाली, “मी न्हाई, काकू. मला न्हाई माहीत.”

मी खाली बसून काचा गोळा करायला लागले.