जर्द म्हणजे पिवळा

बायकोने तपकिरी जर्दाळू सांगितले होते, मी पिवळे आणले.

नांदेडचा मुलगा लेकीने स्वतःच पसंत केला होता. त्याची आई रविवारी पहिल्यांदा आमच्याकडे, लातूरला, येणार होती. बाईंचा होकार तेवढा अडला होता. त्यांना 'खुबानी का मीठा' म्हणजे जीव की प्राण, एवढी बातमी मुलाकडून फुटली होती. लेकीने ठरवलं, तोच करायचा. खुबानी, म्हणजे आपले वाळके जर्दाळू, भिजवून साखरेत आटवायचे आणि बिया फोडून आतले इवलेसे बदाम वरून पेरायचे.

सामानाला गंजगोलाईच्या बाजारात मी गेलो. दुकानदाराने पुढे केलेला माल सुरकुतलेला, मातकट, सुपारीसारखा. "हे कसले जर्दाळू?" मी म्हणालो. "जर्द म्हणजे पिवळा. आळू म्हणजे आलुबुखाऱ्यातला आलू. पिवळा आलुबुखारा, तो जर्दाळू. फारसी आहे!" माझी फारसी जर्द्याच्या पुडीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, हे त्याला कुठे ठाऊक? गिऱ्हाइकाशी वाद कोण घालतो? त्याने चकचकीत, केशरी-पिवळे काढून दिले. महागही होते. मी खूश.

घरी लेकीने पिशवी उघडली. "बाबा, बिया कुठायत?"

"काढलेल्याच आणल्या. तेवढेच तुझे कष्ट वाचले."

"अहो बाबा, बदाम बियांतच असतात!"

रविवारी बाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. साखर ओतूनही आंबट ते आंबटच.

"बदाम न्हाईत का वो ह्यात?"

लेकीची मान खाली गेली. आता आपणच सावरलं पाहिजे, असं मला वाटलं. मला जेव्हा जेव्हा असं वाटतं, तेव्हा घरातले आधीच घाबरतात. मी जर्दपासून सुरुवात केली, आलुबुखारा ओलांडला आणि थेट इंग्रजीत शिरलो. "एप्रिकॉटच्या मुळाशी तर 'लवकर पिकणारं' असा अर्थ आहे!"

बाईंनी माझ्या पांढऱ्या डोक्याकडे निरखून पाहिलं. "हाव, दिसायलंय ना. केस तेवढे लवकर पिकले, बाकी समदं कच्चंच राहिलं."

आधी लेकच फिसकन हसली. मग म्हणाली, "मावशी, आणलं बाबांनी, पण आटवलंय मी. बसून हलवलंय, खाली लागू दिलं न्हाई."

"ते कळालं मला. पाक लई नीट उतरलाय." बाईंनी वाटी पुढे केली. "वाढ अजून."

मग त्या माझ्या बायकोकडे वळल्या. "विहीणबाई..."

लेकीचा हात वाढता वाढता थांबला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. होकार आला होता! मी छाती फुगवून पुढे सरसावलो.

"विहीणबाई," बाई म्हणाल्या, "लग्नाचा बस्ता बांधायला ह्यांना तेवढं नेऊ नका. न्हाईतर माझ्या लेकराला जर्द सूट घेऊन येतील."